काय म्हणालास? – काही नाही!

डोळ्यांना चष्मा लागला तर त्याची कोणी लाज धरीत नाही. उलट एके काळी परीक्षेत पहिल्या आलेल्या मुलाच्या नाकावर चष्मा नसला, तर त्याच्या हुशारीबद्दल लोकांना शंका येई. दात गेले तर कवळी येते, आणि ती बसवून घेतल्याची हकीकत गृहस्थ चारचौघांत रंगवून सांगतात. कानाची गोष्ट निघाली की मात्र तेच गृहस्थ म्हणतात, "छे, छे! मला सगळं ऐकू येतं. हल्लीची माणसंच तोंडातल्या तोंडात बोलतात." हे वाक्य मी इतक्या घरांतून ऐकले आहे, की साठी उलटलेल्या माणसाने ते उच्चारले की माझे निदान होऊन जाते.

या विषयावर या सदराकडे अधूनमधून पत्रे येतात. ती बहुतेक सुनांची असतात, काही मुलांची, एखादे पत्नीचे. सासऱ्यांना कमी ऐकू येते, दूरदर्शनसंच इतका मोठा लावतात की शेजारी तक्रार करतात, सांगितलेले एक आणि करतात भलतेच, वगैरे. ज्यांना ऐकू येत नाही, त्यांचे मात्र एकही पत्र नाही. खरे म्हणजे पत्र लिहायला कान लागत नाहीत. तरीही ते लिहीत नाहीत, कारण त्यांच्या मते तक्रार करण्यासारखे त्यांच्याकडे काही नाही. तक्रार आहे ती हल्लीच्या माणसांच्या बोलण्याबद्दल.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली श्रवणावर एक मोठा अहवाल प्रसिद्ध केला. त्याप्रमाणे साठीच्या पुढच्या शंभर माणसांत पासष्टाहून अधिक जणांच्या श्रवणशक्तीत थोडीबहुत तरी उणीव असते. म्हणजे दिवाळीला ज्या घरात आजी-आजोबा, मामा-मामी, आत्या असा वडीलधाऱ्यांचा मेळा जमतो, त्या घरात हा विषय कोणाला ना कोणाला लागू आहेच. त्यांना फराळाचे ताट आपण आग्रहाने देतो. बोलण्यातला वाटा देतो का, एवढेच या लेखात पाहायचे आहे.

लिहायचे मनात होतेच, पण त्याला निमित्त मिळाले ते सायखेड्याच्या एका घरात. नाशिकहून निफाडच्या रस्त्याने निघाले की चांदोरी लागते. तेथून गोदावरीचा पूल ओलांडला की सायखेडा. कांद्याचा आणि द्राक्षांचा हा मुलूख. पिंपळगाव बसवंतच्या बाजार समितीचा उपबाजार येथे आहे, आणि कांद्याने भरलेले ट्रॅक्टर तेथे ओळीने उभे असतात. हिवाळ्यात राज्यातले नीचांकी तापमान म्हणून निफाडचे नाव वर्तमानपत्रात छापून येते, तेव्हा गावातली निम्मी माणसे कानांवरून माफलर गुंडाळून हिंडत असतात. त्या दिवसांत कोणाला खरोखर ऐकू येत नाही आणि कोण माफलरमुळे ऐकत नाही, हे परक्याला ओळखता येणे कठीण.

माझ्या एका स्नेह्यांचे हे गाव. ते स्वतः नोकरीमुळे नाशिकला असतात. गावच्या घरी आई, वडील, धाकटा भाऊ, भावजय आणि त्यांची मुले. वडिलांना सारे घर 'नाना' म्हणते. वय एकोणऐंशी. पाय मजबूत, डोळे ठीक, स्मरणशक्ती तर अशी की कोणत्या साली कांद्याला काय भाव फुटला ते त्यांना विचारून घ्यावे. कान मात्र गेली दहा-बारा वर्षे हळूहळू चालले आहेत. तरुणपणची कितीतरी वर्षे नदीकाठच्या तेलाच्या इंजिनाजवळ गेली, पुढची ट्रॅक्टरवर आणि द्राक्षबागेत फवारणीच्या ब्लोअरमागे. वय आणि गोंगाट या दोघांनी मिळून हे काम केले आहे.

मी होतो त्या दिवशी दुपारी सूनबाई ओट्यावर आल्या आणि म्हणाल्या, "नाना, ताट वाढलंय, चला."

नाना दचकून उठले. "पाट वाढलाय? आता या दिवसांत? पाणी सोडलं कोणी?"

त्या भागात कालव्याला पाट म्हणतात, हे शहरातल्या वाचकांसाठी सांगून ठेवतो. मुले खो-खो हसली, मलाही हसू आवरले नाही. नानाही हसले, पण सगळ्यांच्या क्षणभर मागून. कशाला हसायचे ते त्यांना कळले नव्हते. सगळे हसताहेत एवढेच कळले होते.

आता या 'ताटा'चा 'पाट' कसा झाला ते पाहण्यासारखे आहे, कारण सगळे मर्म त्यात आहे. कानाच्या आत खोलवर शंखासारखी गुंडाळलेली एक नळी असते. तिच्यात प्रत्येक कानाला सुमारे पंधरा-सोळा हजार अतिसूक्ष्म केसपेशी असतात, आणि बाहेरून आलेल्या ध्वनीचे रूपांतर करून तो मेंदूकडे पाठविण्याचे काम त्या करतात. शंखाच्या तोंडाशी असलेल्या पेशी तार सप्तकातले बारीक, टोकदार आवाज पकडतात. अगदी आतल्या टोकाच्या पेशी खर्जातले. वय झाले की बहुधा तोंडाकडच्या पेशी आधी निकामी होऊ लागतात, आणि माणसाच्या कानात या पेशी एकदा गेल्या की पुन्हा उगवत नाहीत. कोंबडीच्या कानात उगवतात, असे शास्त्रज्ञांनी दाखविले आहे. परमेश्वराने ही सोय कोंबडीला करून दिली आणि आपल्याला दिली नाही, याचे कारण त्यालाच ठाऊक.

बोलण्यात स्वर असतात आणि व्यंजने असतात. आ, ओ, ऊ हे स्वर ठसठशीत; त्यांचा जोर खालच्या पट्टीत. त, प, क, ख, स, श, फ ही व्यंजने क्षीण, वाऱ्याच्या झुळकीसारखी, आणि त्यांची ओळख वरच्या पट्टीत. शब्दाचा आवाज स्वरांत असतो, अर्थ मात्र फार करून व्यंजनांत. त्यामुळे नानांना 'ताट' हा शब्द ऐकू आला. त्यातला 'आ' चांगला खणखणीत ऐकू आला. आधीचे अक्षर मात्र पुसून गेले. ताट, पाट, खाट, काठ, साठ, आठ, गाठ हे सारे त्यांच्या कानाला एकाच आईची लेकरे. मग मेंदू रिकाम्या जागा भरतो, आणि भरतो त्या मनात जे घोळत असेल त्याने. शेतकऱ्याच्या मनात पाणी असते. एखाद्या निवृत्त कारकुनाच्या कानावर तोच शब्द 'खाते' होऊन पडला असता.

म्हणून 'ऐकू येतं पण कळत नाही' ही म्हाताऱ्या माणसांची तक्रार खोटी नसते. घरची माणसे तिच्यावर विश्वास ठेवीत नाहीत, याचेही कारण येथेच आहे. ओझरच्या बाजूने जाणारे विमान नानांना ऐकू येते. ट्रॅक्टर कोणाचा गेला ते आवाजावरून सांगतात. २०१६ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०१९ च्या ऑगस्टमध्ये गोदावरीचे पाणी सायखेडा-चांदोरीत शिरले, तेव्हा पाण्याचा घुमारा त्यांना स्वच्छ ऐकू येत होता. जिन्यावरून सून काय ओरडून सांगते आहे, ते मात्र त्यांना कळले नव्हते. कुकरच्या शिट्ट्या मोजण्याचे काम त्यांच्याकडे असे, ते हल्ली काढून घेतले आहे. मग घरात म्हणतात, "विमान ऐकू येतं आणि आम्ही हाक मारलेली ऐकू येत नाही?" होय, तसेच असते. विमानाचा घरघराट भारदस्त आणि खालच्या पट्टीतला. सुनेचा आवाज उंच, नातवाचा त्याहून उंच. म्हातारा मुलाचे ऐकतो आणि सुनेचे ऐकत नाही, ही कित्येक घरांतली जुनी ठसठस आहे. तिच्यातला निदान निम्मा भाग तरी स्वभावाचा नसून शंखातल्या पेशींचा आहे. उरलेल्या निम्म्याबद्दल मी बोलत नाही.

दुसरी एक विचित्र गोष्ट. "जरा मोठ्यानं बोल," म्हणून सांगतात, आणि मोठ्याने बोलावे तर, "ओरडतोस कशाला? मी काय बहिरा आहे?" हाही विक्षिप्तपणा नव्हे. कान असा बिघडला की हळू आवाज ऐकूच येत नाही, आणि मोठा आवाज जसाच्या तसा, किंबहुना अंगावर आल्यासारखा वाटतो. सोसण्याजोगी पट्टी दोन्ही बाजूंनी अरुंद होते. शिवाय ओरडताना आपण स्वरच ताणतो, 'ना-ना-ओ-ओ' असे. व्यंजने जिथल्या तिथे राहतात. म्हणजे जे आधीच ऐकू येत होते ते आणखी मोठे होते, आणि जे येत नव्हते ते येतच नाही. भर पडते ती फक्त आपल्या चेहऱ्यावर. ओरडणाऱ्याचा चेहरा रागावल्यासारखा दिसतो, आणि ऐकू न येणारी माणसे चेहरा फार बारकाईने वाचतात.

मराठी आकड्यांनी तर म्हाताऱ्यांविरुद्ध कटच केला आहे. अकरा, बारा, तेरा, पंधरा, सतरा, अठरा, सगळ्यांचा शेवट 'रा'. पुढे एकवीस, बावीस, तेवीस, पंचवीस यांचे तेच. नाना उभा जन्म कांद्याच्या लिलावात वावरले. व्यापारी ओळीतल्या एकेका ट्रॅक्टरपुढून सरकत भाव पुकारतात, क्विंटलमागे अकराशे, बाराशे, तेराशे. भोवती पन्नास माणसांचा गलका, मागे इंजिने चालू. त्या गलक्यात 'अकराशे' आणि 'सतराशे' यांत फरक तो पहिल्या अर्ध्या अक्षराचा, आणि पैशात मात्र क्विंटलमागे सहाशेचा. दोन-तीन वेळा घोटाळा झाला, तेव्हा धाकट्या मुलाने "नाना, तुम्ही सावलीत बसा, मी बघतो," असे सांगितले. सांगण्यात प्रेमच होते. पण त्या दिवसापासून नाना बाजारात जाईनासे झाले. आकडे सांगायचे असतील तर 'सतराशे'ऐवजी 'एक हजार सातशे' म्हणावे आणि बोटे दाखवावीत, ही साधी युक्ती त्या वेळी कोणाला सुचली नाही.

येथपर्यंत सारे गमतीचे आणि थोडे गैरसोयीचे. खरी दुखरी गोष्ट माझ्या स्नेह्यांनी मला रात्री अंगणात सांगितली.

गेल्या वर्षी घरात नातीच्या लग्नाची बोलणी सुरू झाली. स्थळ सिन्नरकडचे. अजून पाहुणे यायचे होते, फोनवरच चालले होते. स्वयंपाकघरात बसून आई, सून, दोन्ही भाऊ रात्री उशिरापर्यंत बोलत. आठ-दहा दिवसांनी देवळापाशी कोणीतरी नानांना गाठून, अगदी कानाजवळ तोंड नेऊन विचारले, "काय नाना, नातीचं सिन्नरला जमतंय म्हणं?" नाना म्हणाले, "हो, हो, चाललंय." घरी आले, अर्धी भाकरी खाल्ली आणि पडून राहिले. दोन दिवसांनी मोठ्या मुलाला एवढेच म्हणाले, "आता मला विचारायचं कारण राहिलं नाही."

"लपवलं का हो आम्ही?" माझे स्नेही मला म्हणाले. "पण त्यांना सांगायचं म्हणजे ओरडून सांगावं लागतं. भिंतीपलीकडं चुलत्यांचं घर. मुलीचं लग्न, देण्याघेण्याचं बोलणं, हे ओरडून कसं सांगायचं?"

मी यावर पुष्कळ विचार केला. या दुखण्याची घरातली सगळी गोम मला या एका प्रश्नात दिसते. ज्याच्याशी हळू बोलता येत नाही, त्याला घरातले गुपित सांगता येत नाही. आणि घरातल्या महत्त्वाच्या गोष्टी बहुतेक सगळ्या हळूच बोलायच्या असतात. कर्ज, आजार, सोयरीक, कोणाचे कोणाशी बिनसले. वडिलांना बाजूला सारायचे कोणाच्या मनात नसते, पण आवाजाच्या सोयीने ते बाजूला सरतात.

आणि दुसऱ्या टोकाला क्षुल्लक गोष्टी. त्या तर कोणी ओरडून सांगतच नाही. मांजराने पिले कोठे घातली, शेजारच्या बाईंचा लाडू कसा बिघडला, मुलगा शाळेत काय बोलला, असल्या गोष्टींवर जेवताना हशा होतो. म्हातारा विचारतो, "काय म्हणालास?" आणि उत्तर मिळते, "काही नाही!" दिवसातून दहा वेळा ते ऐकणाऱ्याची काय अवस्था होत असेल? मुद्दाम एक दिवस सायखेड्याच्या त्या घरात मी मोजत बसलो. सकाळपासून रात्रीपर्यंत नानांशी मुद्दाम, समोर येऊन बोललेली वाक्ये होती अकरा. त्यांपैकी जेवायला चला, गोळी घ्या, अंघोळीचे पाणी काढलेय, दार लावून घ्या, अशी आठ. 'काही नाही' आणि 'जाऊ द्या' मिळून चौदा. आजी त्यांच्याशी खुणांनी बोलतात, ते मी धरले नाही. पंचावन्न वर्षांच्या संसारात शब्द फारसे लागत नसावेत.

बरे, ही उपेक्षा दुष्टपणाने होते असे समजू नका. एकच वाक्य तीनदा सांगायचे म्हणजे त्यातली मजा पार निघून जाते; विनोद तर दुसऱ्या वेळी सांगताच मरतो. सांगणाराही दमतो. सुनेला दिवसभराची कामे आहेत. तिची बाजू कोणी मांडत नाही म्हणून मी येथे मांडतो. बहिऱ्या माणसाच्या घरातली बाई संध्याकाळपर्यंत घसा बसवून घेते, आणि वर शेजारी म्हणतात, "तुमच्या घरात फार भांडणं होतात वाटतं!"

त्या घरात वाट काढली ती ज्या मुलीचे लग्न ठरत होते तिनेच. ती नाशिकला शिकते. सुटीवर आली, घडलेला प्रकार तिला कळला, तेव्हा तिने कांद्याच्या जुन्या हिशोबपट्ट्यांचा गठ्ठा घेतला, त्यांच्या कोऱ्या पाठीवर ठळक अक्षरांत लिहायला सुरुवात केली आणि ओट्यावर नानांशेजारी बसून सगळी हकीकत त्यांच्यापुढे मांडली. मुलगा काय शिकला, शेती किती, तिला स्वतःला काय वाटते. नाना वाचीत आणि तोंडाने उत्तर देत, तेही सवयीप्रमाणे मोठ्याने, त्यामुळे चुलत्यांना निम्मे कळलेच. पण ते निम्मे नुसत्या उत्तरांचे होते. त्या पट्ट्यांवरच्या एका प्रश्नावरून नानांनी मुलाकडच्या मंडळींच्या विहिरीबद्दल असे काही विचारले की जे घरातल्या चारही शहाण्यांना सुचले नव्हते.

ही युक्ती तशी जुनी आहे. जर्मन संगीतकार बेथोवेन वयाच्या तिशीपूर्वीच बहिरा होऊ लागला. १८०२ साली आपल्या भावांना उद्देशून लिहिलेल्या एका पत्रात त्याने कबूल केले आहे, की लोक त्याला माणूसघाणा समजतात, पण 'मोठ्याने बोला, मी बहिरा आहे' असे सांगणे त्याला शक्य होत नाही. १८१८ पासून तो वह्या बाळगू लागला. भेटायला आलेला माणूस त्यात लिही आणि बेथोवेन तोंडाने उत्तर देई. त्या संभाषण-वह्यांतल्या पुष्कळशा आजही जपून ठेवलेल्या आहेत. त्यांत संगीताची थोर चर्चा आहे तशीच घरकामाच्या बायकांची आणि बाजारखर्चाची कटकटही आहे. मला त्यातला हा दुसरा भाग अधिक मोलाचा वाटतो. एवढ्या मोठ्या माणसालाही कोणी बाजारातला भाव लिहून दाखवीत होते.

आता यंत्राविषयी. नानांकडे यंत्र होते. कोठल्याशा दुकानातून आणलेले, एकाच कानाचे, कान न तपासता घेतलेले. पहिल्याच दिवशी ते लावून त्यांना लिलावात नेले. भांडी, इंजिने, गलका सगळे एकदम कानावर कोसळले. चौथ्या दिवशी यंत्र कपाटात गेले, ते तिथेच राहिले. अशी कपाटातली यंत्रे आपल्या शहरांतही घरोघर सापडतील. चष्मा डोळ्यांवर चढविताक्षणी दिसू लागते, म्हणून यंत्राकडूनही आपण तीच अपेक्षा करतो. पण वर्षानुवर्षे मेंदूला पंख्याचा, नळाचा, कागदाच्या सळसळीचा विसर पडलेला असतो. ते सारे आवाज परत आल्यावर त्यांतून बोलणे वेगळे काढायला तो नव्याने शिकतो, आणि त्याला काही आठवडे लागतात. आधी शांत खोलीत, एका माणसाशी, तासभर. मग दोन माणसे. बाजार आणि लग्नसमारंभ सर्वांत शेवटी.

तंत्र मात्र फार सुधारले आहे. पूर्वी खिशात डबी आणि कानापर्यंत तार असे. ट्रान्झिस्टर रेडिओ १९५४ साली निघाला, पण त्याआधीच, १९५२ साली, ट्रान्झिस्टर बसविलेले श्रवणयंत्र बाजारात आले होते, हे पुष्कळांना ठाऊक नसेल. आजची यंत्रे कानामागे लपतात आणि ज्या पट्टीत उणीव आहे तीच पट्टी वाढवून देतात. त्यासाठी आधी त्या कानाचा नकाशा हवा. बंद खोलीत कानाला फोन लावून, एकेका पट्टीचा आवाज केवढा झाला म्हणजे ऐकू येतो, ते टिपतात. ही तपासणी दुखत नाही. जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात कान-नाक-घसा विभागात चौकशी करावी. मुंबईत वांद्र्याला १९८३ साली स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. केंद्र सरकारने २०१७ साली गरीब वृद्धांसाठी राष्ट्रीय वयोश्री योजना काढली, तिच्यात श्रवणयंत्रे येतात. महाराष्ट्र सरकारने २०२४ साली पासष्ट वर्षांवरच्या अल्प उत्पन्नाच्या लोकांसाठी तीन हजार रुपयांची योजना काढली. तीन हजारांत मनाजोगे यंत्र येत नाही, हे खरे आहे.

तपासणीआधी एक साधी गोष्ट डॉक्टरांकडून पाहून घ्यावी, ती म्हणजे कानात मळ तर साचला नाही ना. कित्येकांचे अर्धे बहिरेपण तेवढ्यानेच जाते. गरम तेल, काडी, पिन हे घरगुती उपचार मात्र करू नयेत. आणि वयाचे बहिरेपण दोन्ही कानांना मिळून, वर्षांच्या चालीने येते. एखाद्या सकाळी एकच कान एकाएकी बंद झाला तर ते वयाचे नव्हे, त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. त्यात चार-आठ दिवसांची दिरंगाई महागात पडते.

बहिरेपणाने बुद्धी मंद होते का, असे एका बाईंनी पत्रात विचारले आहे. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ साली स्मृतिभ्रंशाला हातभार लावणाऱ्या आणि टाळता येण्याजोग्या चौदा कारणांची यादी केली, तिच्यात श्रवणदोष आहे. याचा अर्थ ऐकू न येणारा प्रत्येक माणूस विसरभोळा होतो असा नव्हे. परंतु विचारले एक आणि उत्तर दिले दुसरेच, यावरून 'आता यांचं डोकं चालत नाही' असा निष्कर्ष घरोघर काढला जातो, तो काढण्यापूर्वी कान तपासावेत.

नानांचे कान यंदा नाशिकला तपासून झाले; दोन्ही कानांना यंत्रे बसली. फार मोठा चमत्कार झालेला नाही. लिलावातला आकडा त्यांना अजून कळत नाही, आणि नातवाने पाठीमागून काही म्हटले की ते तसेच हवेत विरते. पण घरानेही थोडे बदलून घेतले आहे. स्वयंपाकघरातून ओरडायचे नाही. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज सहा डेसिबलने उतरतो, तेव्हा ओरडण्यापेक्षा चार पावले चालत जाणे स्वस्त. आधी "नाना" म्हणायचे, त्यांनी पाहिले की मग बोलायचे. उजेड बोलणाऱ्याच्या तोंडावर पडेल असे बसायचे. कळले नाही तर तोच शब्द पुन्हा न मारता वाक्य बदलायचे. 'ताट वाढलंय' हे दोनदा सांगण्याऐवजी 'जेवायला चला' म्हटले की काम होते.

नातीने नानांनाही एक नियम घालून दिला आहे. नुसते 'काय?' असे विचारायचे नाही. जेवढे कळले तेवढे बोलून दाखवायचे: "सिन्नरला कोण जाणार म्हणालास?" म्हणजे सांगणाऱ्याला एकच शब्द पुन्हा सांगावा लागतो. आणि न कळता मान डोलवायची नाही. नानांना हा नियम जड जातो. मान डोलवून वेळ निभावण्याची त्यांना सवय जडली आहे. तिच्या पायी एकदा त्यांनी सोसायटीच्या सचिवांच्या कोणत्या प्रश्नाला होकार दिला ते घरात अजून कोणाला कळलेले नाही. ऐकावे लागू नये म्हणून स्वतःच अखंड बोलत राहणे, ही दुसरी सवय. १९६९ च्या महापुराची गोष्ट मी तीन दिवसांत चार वेळा ऐकली. चौथ्या वेळी पाणी बरेच वर चढले होते.

दिवाळीच्या दिवसांत यंत्र नवे असेल तर एवढे ध्यानात ठेवावे. लक्ष्मीपूजनाला, फटाके सुरू होण्यापूर्वी, ते डबीत काढून ठेवावे. कानातच राहिले तर दुसऱ्या दिवशी ते पुन्हा घालायला कोणी तयार होणार नाही. फराळाला दहा जण एकदम बसले तर म्हाताऱ्या माणसाला मधोमध बसवू नये, टोकाला, भिंतीकडे पाठ करून बसवावे, म्हणजे सगळे चेहरे समोर येतात. दूरदर्शनसंच त्या वेळेपुरता बंद ठेवावा. पुण्या-मुंबईच्या नातवंडांनी फोन केला तर चेहरा दिसेल असा करावा, आणि खिडकीकडे पाठ करून उभे राहू नये. सायखेड्याला यंदा पाडव्याच्या दिवशी सिन्नरची मंडळी येणार आहेत. बसायची जागा नानांनी स्वतः ठरवली आहे, जावयाच्या अगदी समोर. आणि हिशोबपट्ट्यांचा एक नवा गठ्ठा आत्ताच त्यांच्या बाजेखाली जाऊन पडला आहे.